रांगेत दुसऱ्या असलेल्या टाइट एंडची पारख

अमेरिकन फुटबॉलच्या फॅन्टसी खेळातल्या डायनेस्टी लीगमध्ये सगळ्यात चुकीचा भाव कुणाचा लागत असेल, तर तो तरुण राखीव टाइट एंडचा. कधी तो जवळजवळ फुकटात मिळतो आणि दोन वर्षांनी अख्खी लीग त्याच्यामागे लागते. कधी मुख्य खेळाडू जायबंदी होतो, एका रात्रीत याची किंमत कुठल्या कुठे जाते आणि हंगाम संपेपर्यंत त्याला कुणी विचारत नाही. दोन्ही वेळी लोकांच्या डोक्यात एकच प्रश्न असतो : त्याच्या पुढचा माणूस कधी हटणार? माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. आधी विचारायचं ते हे, की आज तो जेवढा वेळ मैदानात असतो, तेवढ्या वेळात संघ त्याच्याकडून काय करून घेतो आणि क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, त्याच्याकडे किती वेळा बघतो.

क्रिकेटसाठी ज्यांनी ड्रीम इलेव्हनवर संघ लावले आहेत त्यांना फॅन्टसीची मूळ कल्पना ठाऊक आहे. खऱ्या खेळाडूंनी खऱ्या सामन्यात जे केलं, त्याचे गुण आपल्या खात्यात. फरक आहे तो मुदतीचा. तिथला संघ एका सामन्यापुरता असतो. डायनेस्टीत घेतलेला खेळाडू तुम्ही विकेपर्यंत, सोडेपर्यंत किंवा तो निवृत्त होईपर्यंत तुमचा. एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या वार्षिक ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीने, फेऱ्याफेऱ्यांनी केलेल्या निवडीत, कॉलेजातली मुलं ३२ संघांत जातात आणि त्यानंतर प्रत्येक लीग आपापला नवख्यांचा ड्राफ्ट घेते. त्यामुळे यंदाचे गुण की तीन वर्षांनंतरचे गुण, हा सौदा सतत चालू असतो. बऱ्याच लीगमध्ये ‘टॅक्सी स्क्वॉड’ नावाच्या वेगळ्या जागा असतात. तिथे ठेवलेला नवखा तुमच्या नेहमीच्या बेंचची जागा अडवत नाही. तरुण टाइट एंडचं बरंचसं आयुष्य तिथेच जातं.

आता टाइट एंड म्हणजे कोण? आक्रमण करणाऱ्या संघाच्या रांगेत, टॅकल नावाच्या अडवणाऱ्या खेळाडूच्या शेजारी टोकाला उभा राहणारा उंच, धिप्पाड खेळाडू. त्याच्याकडे दोन कामं असतात आणि ती एकमेकांपासून फार लांबची आहेत. चेंडू घेऊन पळायचा डाव असेल तेव्हा समोरच्या, बहुतेक वेळा त्याच्याहून वजनदार बचावपटूला अडवायचं. फेकीचा डाव असेल तेव्हा रिसीव्हरसारखं धावत जाऊन झेल घ्यायचा. कॉलेजात अनेकांना यातलं एकच काम नीट शिकवलेलं असतं. दुसरं एनएफएलमध्ये येऊन शिकावं लागतं आणि ते येत नाही तोवर प्रशिक्षक त्यांना मैदानात ठेवायला कचरतात. म्हणून वाइड रिसीव्हर पहिल्याच वर्षी चमकू शकतो, पण टाइट एंडला दोन-तीन वर्षं लागणं हे रीतसरच.

गेल्या काही वर्षांत या समजुतीला तडे गेले. माइक डिटकाने १९६१ मध्ये नवखा टाइट एंड म्हणून झेलांतून १,०७६ यार्ड (संघाला पुढे नेलेलं अंतर) काढले होते. २०२१ मध्ये काइल पिट्स १,०२६ पर्यंत पोहोचला. २०२३ मध्ये सॅम लापोर्टाने ८६ झेल आणि १० टचडाउन (चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं) केले. आणि २०२४ मध्ये ब्रॉक बाउअर्सने ११२ झेल, १,१९४ यार्ड काढून डिटकाचा ६३ वर्षं टिकलेला विक्रम मोडला. हे तिघे विलक्षणच. पण त्यांच्यामुळे बाकीच्यांच्या बाबतीत लोकांचा धीर सुटला आहे, हे मला खटकतं. ट्रॅव्हिस केल्सी २०१३ मध्ये ड्राफ्टच्या तिसऱ्या फेरीत आला आणि गुडघ्याच्या दुखण्यामुळे त्याचं पहिलं वर्ष जवळजवळ कोरं गेलं. दुसऱ्या वर्षी ८६२ यार्ड. जॉर्ज किटल २०१७ मध्ये पाचव्या फेरीत, १४६व्या क्रमांकावर आला. पहिल्या वर्षी ५१५ यार्ड, दुसऱ्या वर्षी १,३७७. पहिल्या वर्षाच्या शेवटी या दोघांना विकून टाकणाऱ्यांनी घाई केली, एवढंच म्हणता येईल.

पण धीर धरायचा तो कशासाठी? इथे गुणांचा हिशेब बघावा लागतो. प्रचलित पीपीआर पद्धतीत झेलाला १ गुण, दर १० यार्डांना १ आणि टचडाउनला ६. बाल्टिमोरच्या आयझाया लाइकलीने २०२४ मध्ये ४२ झेल, ४७७ यार्ड, ६ टचडाउन केले. म्हणजे ४२ अधिक ४७.७ अधिक ३६, एकूण १२५.७. त्याच वर्षी बाउअर्सचे ५ टचडाउन धरून नुसत्या झेलांतून २६१.४ होतात. १२ जणांच्या लीगमध्ये दर आठवड्याला १२ टाइट एंड लागतात. त्यांतले वरचे चार-पाच तुमचे सामने जिंकून देतात. त्यांच्या खालचे बरेचसे एकमेकांच्या आसपास घुटमळतात. म्हणजे तुमचा राखीव मुलगा दोन वर्षांनी लीगमधला चौदावा टाइट एंड झाला, तर तो ‘यशस्वी’ होऊनही तुमच्या हाती फारसं काही लागत नाही, कारण तसा खेळाडू कुणीतरी सोडलेल्यांतही मिळतो. झेलाला दीड गुण देणाऱ्या टाइट एंड प्रीमियम लीगमध्ये, किंवा दोन टाइट एंड लावावे लागतात अशा लीगमध्ये, चौदाव्यालाही मोल येतं. आपली लीग कुठली हे आधी पाहावं आणि मगच मुलाची किंमत ठरवावी.

रूट मोजा, स्नॅप नव्हे

बहुतेक जण राखीव खेळाडूचा ‘स्नॅप’चा वाटा बघतात, म्हणजे संघाच्या शंभर डावांपैकी किती डावांत तो मैदानात होता. टाइट एंडच्या बाबतीत हा आकडा फसवा आहे. समजा एक जण ३० डावांत खेळला. त्यांतले १८ धावेचे, तिथे त्याने फक्त अडवण्याचं काम केलं. उरलेल्या १२ फेकींपैकी ५ मध्ये तो क्वार्टरबॅकचं रक्षण करायला मागेच थांबला. मग झेल घ्यायला तो धावला फक्त ७ वेळा. दुसरा जण १६ डावांतच खेळला, पण त्यांतल्या १३ मध्ये धावला. स्नॅपच्या तक्त्यात पहिला मोठा दिसेल. माझ्यासाठी दुसरा मोठा. झेल घेण्याच्या इराद्याने आखलेल्या मार्गावर धावणं याला ‘रूट’ म्हणतात, आणि फॅन्टसीत गुण मिळवण्याची संधी रूटमधूनच येते. टीव्हीवर पाहताना हे आपणही टिपू शकतो : चेंडू सुटल्यावर तो समोरच्याला भिडतो की त्याला चुकवून पुढे पळतो?

ब्लॉकर, म्हणजे समोरच्याला अडवणारा, म्हणून उत्तम असणं आणि फॅन्टसीत उपयोगी असणं, या वेगळ्या गोष्टी आहेत. जॉश ऑलिव्हरला मिनेसोटाने २०२३ मध्ये तीन वर्षांचा चांगला करार दिला तो प्रामुख्याने त्याच्या ब्लॉकिंगसाठी. संघाला तो हवाच होता. फॅन्टसी संघाला नव्हे.

रूटचा आकडा मिळाला की पुढचा भाग : दर रूटमागे किती वेळा चेंडू त्याच्याकडे फेकला गेला, आणि दर रूटमागे किती यार्ड मिळाले. ढोबळ मानाने पाच रूटमागे एक फेक मिळवणारा टाइट एंड चांगला, चारामागे एक मिळवणारा असामान्य. यार्डांत बोलायचं तर दर रूटला दीड यार्ड चांगले आणि दोन म्हणजे वरच्या पंक्तीतले. हे मोजमाप मला आवडतं, कारण रिकामा उभा राहणारा आणि बचाव चुकवून मोकळा होणारा, यांतला भेद ते करतं. संधी प्रशिक्षक देतात, पण फेक खेळाडूला कमवावी लागते.

तरीही राखीव खेळाडूच्या आकड्यांकडे जरा डोळे बारीक करूनच पाहावं. मुख्य टाइट एंड हंगामात पाचशेच्या आसपास रूट धावतो. राखीव कदाचित शंभर-सव्वाशे. एवढ्या थोड्या धावांत एखादा लांब झेल सगळं चित्र बदलतो. शिवाय त्याला मैदानात आणलं जातं तेच मुळात त्याच्यासाठी आखलेल्या डावांत : धावेचं सोंग करायचं, बचावपटू पुढे ओढले गेले की हा मागून हळूच निसटणार आणि त्याला सोपी फेक. अशा डावांनी सरासरी फुगते. म्हणून मी पाहतो ते तिसऱ्या डाउनकडे (१० यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसरा), जेव्हा ७-८ यार्ड हवे असतात आणि आता फेकच होणार हे सगळ्या स्टेडियमला कळलेलं असतं. त्या वेळी हा मुलगा मैदानात आहे का? असेल, तर प्रशिक्षकांचा त्याच्यावर खरा भरवसा आहे. हंगामाच्या एकूण आकड्यांपेक्षा हे एक निरीक्षण मला जास्त सांगून जातं.

मार्क अँड्र्यूजचं उदाहरण यासाठी अभ्यासण्यासारखं आहे. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये बाल्टिमोरने दोन टाइट एंड घेतले. हेडन हर्स्ट पहिल्या फेरीत २५वा, अँड्र्यूज तिसऱ्या फेरीत ८६वा. जाणकारांचं लक्ष साहजिकच हर्स्टकडे. हर्स्ट आधी व्यावसायिक बेसबॉलच्या वाटेने जाऊन आलेला, त्यामुळे पहिल्या हंगामातच पंचविशीला पोहोचलेला; अँड्र्यूज बावीस-तेविशीचा. पहिल्या वर्षी दुखापतीने अडवलेल्या हर्स्टचे १६३ यार्ड झाले. अँड्र्यूजचे ३४ झेलांत ५५२, म्हणजे झेलामागे १६ यार्डांहून जास्त. मैदानावरचा वेळ थोडा, पण मैदानावर असला की चेंडू त्याच्याकडे. दुसऱ्या वर्षी ८५२ यार्ड आणि १० टचडाउन. २०२० मध्ये संघाने हर्स्टलाच अटलांटाला देऊन टाकलं. म्हणजे कागदावर पुढे असलेला माणूस हटण्याची वाट अँड्र्यूजला पाहावी लागली नाही. त्याच्या खेळाने ती वेळच येऊ दिली नाही.

वाट मोकळी होणं

पुढचा माणूस हटतो तो साधारण तीन कारणांनी : दुखापत, संपणारा करार किंवा अदलाबदल. डॅलसमध्ये यांतली दोन लागोपाठ घडली. डाल्टन शुल्ट्झ २०१८ मध्ये चौथ्या फेरीत आला. २०१९ च्या अख्ख्या हंगामात त्याचा एक झेल होता, ६ यार्डांचा. २०२० च्या पहिल्याच सामन्यात ब्लेक जार्विनच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला आणि शुल्ट्झने ६३ झेल घेतले; पुढच्या वर्षी ७८ झेल, ८ टचडाउन. मग त्याचा करार संपत आला, तेव्हा संघाने २०२२ मध्ये चौथ्याच फेरीत जेक फर्ग्युसनला आणून ठेवलं. पहिल्या वर्षी त्याचे १९ झेल. २०२३ मध्ये शुल्ट्झ ह्यूस्टनला गेला आणि फर्ग्युसनने ७१ झेल, ७६१ यार्ड काढले. गंमत म्हणजे त्याच वर्षी डॅलसने दुसऱ्या फेरीत ल्यूक स्कूनमेकरला घेतलं होतं आणि फर्ग्युसनचे कितीतरी मालक घाबरले होते.

नवखा टाइट एंड साधारणपणे चार वर्षांच्या करारावर येतो. त्यामुळे मुख्य खेळाडूचा करार कधी संपतो आणि त्यातली हमीची रक्कम कोणत्या वर्षापर्यंत आहे, हे दोन्ही तपासावं. हमी संपल्यानंतर संघाला त्याला सोडणं स्वस्त पडतं. ही माहिती जाहीर असते आणि तरी लीगमधले निम्मे लोक ती बघत नाहीत.

झॅक अर्ट्झच्या कारकिर्दीतून तर ही सगळी प्रक्रिया समजते. २०१८ मध्ये फिलाडेल्फियात त्याने ११६ झेल घेतले, टाइट एंडसाठी तेव्हाचा विक्रम. नेमक्या त्याच वर्षी संघाने दुसऱ्या फेरीत डॅलस गोडर्टला घेतलं होतं. गोडर्टने तीनेक वर्षं अर्ट्झसोबत काढली, पण तो नुसता बसून नव्हता. दुसऱ्याच वर्षी त्याचे ५८ झेल झाले. ऑक्टोबर २०२१ मध्ये अर्ट्झ ॲरिझोनाला गेला, गोडर्ट मोकळा झाला. लगेच २०२२ च्या ड्राफ्टमध्ये ॲरिझोनाने दुसऱ्या फेरीत ट्रे मॅकब्राइडला घेतलं, कॉलेजच्या शेवटच्या वर्षी ९० झेल घेतलेला, सर्वोत्तम कॉलेज टाइट एंडचं मॅकी पारितोषिक मिळवलेला मुलगा. पहिल्या वर्षी अर्ट्झच्या मागे २९ झेल, २६५ यार्ड. त्या उन्हाळ्यात तो स्वस्तात मिळत होता. २०२३ च्या मध्यावर अर्ट्झ जायबंदी झाला, नंतर संघाने त्याला सोडलं आणि मॅकब्राइडने हंगाम संपवला तो ८१ झेलांवर. २०२४ मध्ये १११ झेल, १,१४६ यार्ड. कॉलेजात तो फेका कमावत होताच. अर्ट्झ गेला नसता तरी हा किती काळ मागे राहिला असता, मला शंका आहे.

याच्या उलट, नुसत्या मोकळ्या वाटेवर विसंबून राहिलं की काय होतं, याचं उदाहरण डेन्व्हरमध्ये आहे. अल्बर्ट ओकवुएग्बुनाम २०२० मध्ये चौथ्या फेरीत आला. एवढ्या मोठ्या देहाने ४० यार्ड ४.४९ सेकंदांत धावणारा! त्याच्या पुढे नोआ फँट होता. मार्च २०२२ मध्ये रसेल विल्सनला आणण्याच्या सौद्यात फँट सिॲटलला गेला आणि डायनेस्टीच्या बाजारात अल्बर्टचा भाव भडकला. वाट मोकळी, क्वार्टरबॅक नावाजलेला, वेग डोळे दिपवणारा. पण प्रशिक्षकही नवे आले होते. जुन्या प्रशिक्षकांच्या निवडीशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी तिसऱ्या फेरीत ग्रेग डल्सिचला घेतलं, अल्बर्टच्या ब्लॉकिंगवर त्यांचा विश्वास बसला नाही आणि २०२२ मध्ये त्याचे १० झेल झाले. ज्यांनी फँट गेल्याच्या आठवड्यात त्याला विकलं, त्यांनी उत्तम व्यवहार केला.

मग फर्ग्युसनच्या संघाने दुसरा टाइट एंड घेतला तेव्हा घाबरायचं नव्हतं आणि अल्बर्टच्या वेळी घाबरायला हवं होतं, हे ओळखायचं कसं? नवा माणूस आला याला मी फार वजन देत नाही. प्रशिक्षक तेच आहेत का, आणि त्यांनी या मुलाला आधीच दोन्ही कामं देऊन पाहिली आहेत का, याला देतो. डॅलसमध्ये मुख्य प्रशिक्षक माइक मॅकार्थी तेच होते आणि फर्ग्युसनला ते वर्षभर पाहत होते.

दोघे एकाच वेळी मैदानात

राखीव हा शब्द थोडा दिशाभूल करतो, कारण फुटबॉलमध्ये दोन टाइट एंड एकत्र खेळू शकतात. आक्रमणाची मांडणी दोन आकडी संख्येने सांगतात. पहिला आकडा रनिंग बॅकचा, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याचा, दुसरा टाइट एंडचा. ‘११’ म्हणजे एक रनिंग बॅक, एक टाइट एंड आणि उरलेले तीन रिसीव्हर. ही आज एनएफएलमधली सर्वांत प्रचलित मांडणी. ‘१२’ म्हणजे टाइट एंड दोन. संघ ‘१२’ जास्त वापरत असेल तर दुसऱ्यालाही पोटापुरतं मिळतं.

क्रिकेट पाहणाऱ्यांना राखीव यष्टिरक्षकाची कोंडी माहीत आहे. वृद्धिमान साहाने कसोटी पदार्पण केलं ते फेब्रुवारी २०१० मध्ये नागपूरला. तेही ऐन वेळी रोहित शर्माला दुखापत झाली म्हणून, आणि फलंदाज म्हणून. ग्लोव्हज धोनीच्याच हातात होते. नियमितपणे यष्टीमागे उभं राहायला त्याला डिसेंबर २०१४ मध्ये धोनी कसोटीतून निवृत्त होईपर्यंत थांबावं लागलं. टाइट एंडची स्थिती यापेक्षा बरी, कारण नागपूरला साहासाठी जे अपवादाने घडलं, ते चांगल्या दुसऱ्या टाइट एंडसाठी संघ दर आठवड्याला घडवून आणू शकतो.

बाल्टिमोरने लाइकलीच्या बाबतीत तेच केलं. २०२२ च्या चौथ्या फेरीत संघाने आधी चार्ली कोलार १२८वा घेतला आणि मग लाइकली १३९वा. पण झेलाची कामं लाइकलीकडे आली. पहिल्या वर्षी ३७३ यार्ड. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये अँड्र्यूज जायबंदी झाला आणि लाइकलीने हंगामातले पाचही टचडाउन त्यानंतर केले. २०२४ च्या पहिल्या सामन्यात, कॅन्सस सिटीविरुद्ध, ९ झेल, १११ यार्ड, एक टचडाउन. शेवटच्या डावात पायाचं बोट रेषेवर पडलं म्हणून आणखी एक हुकलं. दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी लोक पहिल्या फेरीचे पिक (लीगच्या नवख्यांच्या ड्राफ्टमधला निवडीचा हक्क) पुढे करू लागले. मात्र अँड्र्यूज तंदुरुस्त होता आणि त्याने त्या हंगामात ११ टचडाउन केले. शिवाय हा संघ धावेवर उभा : डेरिक हेन्रीने एकट्याने १,९२१ यार्ड काढले. फेकीच कमी, त्यांत वाटेकरी दोन. लाइकलीची गुणवत्ता मला कधी संशयास्पद वाटली नाही; त्या सप्टेंबरातला भाव वाटला.

भावाच्या बाबतीत माझी पद्धत ठरलेली आहे. मुख्य खेळाडू जायबंदी झाल्याच्या आठवड्यात मी राखीव खेळाडू विकत घेत नाही; माझ्याकडे असेल आणि रूटचा आकडा सामान्य असेल, तर तेव्हाच विकतो. घ्यायचा तो पहिला हंगाम संपल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, जेव्हा त्याचे वीस-तीस झेल पाहून मालक कंटाळलेला असतो आणि येणाऱ्या ड्राफ्टमधली नवी नावं त्याला खुणावत असतात. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतून आलेला, तेविशीच्या आतला, कॉलेजात आपल्या संघाच्या फेकींचा मोठा वाटा मिळवलेला मुलगा असेल, तर लीगच्या दुसऱ्या फेरीचा उत्तरार्धातला पिक द्यायला माझी हरकत नसते. चौथ्या-पाचव्या फेरीतल्यासाठी तिसऱ्या फेरीचा पिक पुरे. पहिल्या फेरीचा पिक राखीव टाइट एंडसाठी मी कधीच देणार नाही, अगदी तो मोकळा होणार हे दिसत असलं तरी.

ऑगस्टचे सराव सामने सुरू झाले की कोण किती झेल घेतो याकडे दुर्लक्ष करावं आणि तो कुणाबरोबर खेळतो हे बघावं. मुलगा मुख्य क्वार्टरबॅकबरोबर संघाच्या पहिल्या आक्रमणात उतरून नंतर त्याच्याबरोबरच बाहेर बसवला गेला, तर संघाच्या लेखी तो राखीव राहिलेला नाही. चौथ्या क्वार्टरमध्ये, संघात जागा मिळेल की नाही अशा मुलांबरोबर दोन टचडाउन केले, तर त्याचा मालक तुम्हाला आनंदाने संदेश पाठवेल. त्या दिवशी सौदा करू नका. सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे जाऊ द्या, रूट मोजा आणि मग बोलणी सुरू करा.